नानांची शेवटची पाळी

कोपरा फाडलेले पोस्टकार्ड हातात पडले तेव्हाच कळले. ईट गावचे माणिकनाना गेले होते. मी ईटच्या शाळेत मास्तर असताना सात वर्षे त्यांचा शेजारी होतो, आणि तुळजापूरला बदली झाली तरी येणेजाणे सुटले नाही. रडू आले, त्याची लाज वाटत नाही. पण खरे सांगतो, त्यातही मनात पहिल्यांदा आले ते बंधाऱ्याच्या पाण्याचे... नानांच्या मागे त्यांनी लावलेली पाळी टिकेल का?

मराठवाडा मुंबई राज्यात आल्यावर विकासगटाने शेतकऱ्यांची एक सहल खानदेशात नेली होती. परतलेली मंडळी महिनाभर केळीच्या बागांखेरीज दुसरे बोलत नव्हती. नाना मात्र फडाने झपाटून आले. तिकडे बंधाऱ्याच्या पाटाखालची सगळी शेते मिळून एक फड धरतात, त्यात सगळे एकच पीक घेतात आणि नेमलेला पाटकरी पाणी फिरवतो. कुणी आपल्या मनाने पाट फोडायचा नाही. हे सगळे नानांनी मला एका बैठकीत तीनदा सांगितले आणि माझ्याकडून नकाशाही काढून घेतला. मी त्यांना फडणवीस म्हणून चिडवायचो. त्यांनी पुढच्या दोन वर्षांत ओढ्यावर दगडी बांध घालून घेतला, सगळ्यांना पटवले, पण एका बाबतीत चुकले. खानदेशात फडात ऊस पाहिला होता, म्हणून इथेही ऊसच लावला.

माघात ओढा आटला. वरच्या रानांनी होते ते पाणी पिऊन घेतले आणि खालच्यांचा ऊस उभा वाळला. सर्वांत खाली सोपानचे रान. तो भर चावडीवर म्हणाला की नानांचे रान पाटाच्या तोंडाशी, त्यांना काय जाते गावाला नादी लावायला. लोक हसले, मीही हसलो. ते आजही मला बोचते. नाना म्हणाले,

"सोपान बोलला ते खरं हाय. म्या तिथली रीत आणली, पण तिथली नदी न्हाय आणली. आता ऊस नगं. हरभरा, गहू करू. आन् पाणी शेपटाकडनं सोडू. पहिली पाळी सोपानची, शेवटची माझी."

ही शेवटची युक्ती खानदेशातली नव्हती, नानांची स्वतःची होती. पुढच्या हंगामात सोपानचा हरभरा घाट्यांनी लगडला. एका कमी पावसाच्या साली मात्र शेवटच्या पाळीला पाणीच उरले नाही आणि नानांचा गहू गुडघ्याएवढाच राहिला. मी हळहळलो, तर ते म्हणाले, "गुर्जी, खाली पोचलं न्हवं?" पुढे परंड्याकडचे शेतकरी हा फड बघायला येऊ लागले. नाना त्यांना आधी वाळलेल्या उसाची गोष्ट सांगत, आणि मगच बांध दाखवत. आपल्या गावाला बसेल तेवढेच घेऊन जा, असे बजावूनही सांगत.

नाना गेले त्या साली मार्गशीर्षात पहिले पाणी सुटायच्या दिवशी मी मुद्दाम ईटला गेलो. पाटावर सगळे जमले होते. सोपानच पुढे होऊन म्हणाला की घर दुःखात आहे, यंदा पहिले पाणी नानांच्या गव्हाला द्यावे. सगळ्यांनी माना डोलावल्या. मलाही ते योग्यच वाटले... नानांच्या पत्नी काशीबाई बांधावर बसल्या होत्या. त्या उठून उभ्या राहिल्या.

"नगं, सोपानराव. यंदा दुखासाठी वरनं सोडाल, पुढल्या साली दुसरं कायतरी निघंल. आमची पाळी शेवटचीच ऱ्हाऊ द्या."

सोपान फावडे उचलून आपल्या रानाकडे निघाला. काशीबाईंनी चिखल ओढून आपल्या रानात पाणी घ्यायचे बारे बंद केले आणि पायाने घट्ट दाबले. पाटकऱ्याने पाणी सोडले. ते नानांच्या गव्हाच्या कडेने, आत थेंबही न जाता, खाली निघून गेले. तुळजापूरच्या गाडीसाठी मी निघालो तेव्हा सोपान हरभऱ्यात फावडे घेऊन उभा होता, आणि पाणी त्याच्या घोट्यापर्यंत आले होते.