पेवातला कंदील

दादा, माझा थोरला चुलतभाऊ, पलटणीतून दोन महिन्यांच्या सुट्टीवर आला तो बिअर करायला शिकूनच. मेसमधल्या आचाऱ्यानं शिकवली होती. दुष्काळ सरून दोनएक वर्षं झाली होती. मी सांगलीला कॉलेजात होतो, आणि खमीर तिथल्या बेकरीतून मीच आणायचो.

जव भिजवून गोणपाटावर मोड आणायचे, वाळवून भरडायचे, गरम पाण्यात मुरवून गोड पाणी गाळायचं. त्यात घालायची कडू फुलं आमच्याकडं कुठली? दादानं काडेचिराईत टाकून उकळलं. "पाव खाऊन मोठा झालास," तो म्हणायचा, "आता पाव प्यायला शिकिवतो तुला."

पहिला घाणा उकाड्यानं आंबला. गारवा हवा होता, शिवाय घरच्यांच्या नजरेआडची जागा. म्हणून दुसऱ्या खेपेला सहा बरण्या परड्यातल्या रिकाम्या पेवात उतरवल्या. पेव म्हणजे हळद साठवायचं जमिनीतलं कोठार. तोंड माणूस जाईल एवढं, आत रांजणासारखं पोट. वर दगड ठेवून कडा चिखलानं लिंपल्या.

पेव उघडायची आमच्याकडं रीत आहे. सकाळी दगड काढून दुपारपर्यंत वारं खेळू द्यायचं, मग पेटता कंदील दोरीनं सोडायचा. विझला तर उतरायचं नाही. हे आमच्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक.

नवव्या दिवशी दगड काढायचं काम माझ्याकडं होतं. मी विसरलो. दुपारी दादा यायच्या जरा आधी दगड घाईघाईनं सरकवला. खालून बुडबुड येत होती, बंद खोलीत माणसं हलक्या आवाजात बोलावीत तशी. कंदील सोडला. वारा नव्हता. निम्म्यावर ज्योत कुणी चिमटीत धरावी तशी गेली. वातीचा धूर वर आलाच नाही. तिथंच चादरीसारखा पसरून राहिला.

दादा पाठमोरा, कमरेचा दोर निंबाला बांधत होता. "दिवा हाय न्हवं रं?"

नाही म्हटलं असतं तर दगड आत्ताच काढला हे कळलं असतं. तो हसला असता, बस्स. एवढ्यासाठी मी म्हणालो, "हाय, दादा." आणि तो वळायच्या आत कंदील वर ओढून पाठीमागं ठेवला.

बॅटरी कमरेला खोचून तो शिडीनं उतरला, पलटणीतल्यासारख्या पायऱ्या मोजत. "सात. आठ." नऊ आलं नाही. बुडबुड तेवढी चालू होती.

शेजारचे दोघे धावले, आम्ही दोर ओढला. दादा वाचला. पण वर आला तो सगळा आला नाही. वाचा अडखळू लागली, हात कापायला लागला, पलटण सुटली. काकींनी बरण्या फोडल्या. "पिऊन पडला," गाव म्हणालं. त्या बरण्यांतला थेंबही त्यानं चाखला नव्हता, हे मला ठाऊक होतं. मी गप्प बसलो.

तेव्हापासून कुठल्याही उंबऱ्याशी दादा एक पाय उचलून थांबतो. भर दुपारीसुद्धा. "दिवा हाय न्हवं रं?" आणि मी इतकी वर्षं म्हणत आलो, "हाय."

परवा सोप्यात त्यानं पुन्हा विचारलं. काकी, वहिनी, सगळी बसलेली होती.

"न्हाई दादा," मी म्हणालो. "इझला व्हता. तवाच इझला व्हता. मी बघितला व्हता."

 दादानं उचललेला पाय सावकाश मागं घेतला.

"मग न्हाई उतरायचं," तो म्हणाला.