डोळ्यांची लाली घालवणारं औषध

माझा धाकटा भाऊ वेरूळ-अजिंठ्याला पर्यटकांची गाडी न्यायचा. धुळीनं आणि उन्हानं त्याचे डोळे कायम लाल असायचे. लाल डोळ्यांचा ड्रायव्हर दिसला की पाहुण्यांना वाटतं, हा पिऊन आलाय. म्हणून ड्रायव्हरांच्या स्टँडवर रीतच पडली होती. सकाळी हॉटेलावर गाडी लावायच्या आधी मान मागे टाकायची आणि दोन्ही डोळ्यांत ड्रॉप सोडायचे. बाटली एकच, ज्याला हवे त्यानं घ्यावेत.

ते ड्रॉप मुळात त्यांच्यातल्या एकाला डॉक्टरांनी ॲलर्जीसाठी आठवडाभरापुरते लिहून दिले होते. त्याचे डोळे स्वच्छ झाले, मग सगळ्यांनीच सुरू केले. रिकामं खोकं मेडिकलवर दाखवायचं, नवी बाटली घ्यायची. भाऊ कित्येक वर्षं हेच करत होता.

"लई भारी औषध हाय, अक्का. तू पण ठेव घरात."

मग त्याच्या गाडीची डावी बाजू फाटकाला घासली. नंतर उभ्या स्कूटरला लागली. भावजय म्हणाली, "डावीकडं बघायची शपथ घेतलीया जणू." आम्ही हसलो. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून मीच त्याला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांचा दाब मोजला, पडदा पाहिला आणि विचारलं, "कोणते ड्रॉप टाकता?" त्यानं खिशातून बाटली काढून दिली. त्यात स्टेरॉइड होतं. सतत टाकल्यामुळे दाब वाढत गेला होता आणि डोळ्याची नस सुकली होती. काचबिंदू. डाव्या डोळ्याची बरीच नजर गेलेली, उजव्याचीही थोडी.

"मला तर काहीच दुखलं नाही," भाऊ म्हणाला.

"दुखत नाहीच. कडेकडेनं जाते. गेलेली परत येणार नाही, उरलेली राखू. गाडी मात्र बंद." स्टेरॉइड वाईट नसतं, हेही त्यांनी सांगितलं. गरजेपुरतं आणि तपासणी करत वापरलं तर तेच डोळा वाचवतं.

मी तिथून थेट मेडिकलवर गेले. चिठ्ठीशिवाय हे औषध इतकी वर्षं कसं दिलं, विचारलं.

"ताई, तेच मागायचे. मी कुठं गळ्यात मारलं?"

"उद्या विष मागितलं तर द्याल?"

तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. स्टँडवर जाऊन सगळं सांगितलं, तर एक ड्रायव्हर म्हणाला, "आमचे डोळे ठणठणीत हायत, अक्का." मी म्हटलं, "माझा भाऊही हेच म्हणायचा. दाब मोजून घ्या." दोघं मोजायला गेले. बाकीचे माना डोलावून सवारी शोधायला लागले.

आता भावाला रोज संध्याकाळी दाब उतरवायचे ड्रॉप टाकावे लागतात, जन्मभर. ते चुरचुरतात. परवा भावजयीनं फोन केला, त्यानं चार दिवस टाकलेच नाहीत. मी त्याच्या घरी गेले.

"यानं बरं वाटत नाय, अक्का. त्या जुन्यानं कसं गार वाटायचं."

मला संताप आला. ज्यानं नजर खाल्ली त्याची याला अजून आठवण येते. मी बाटलीचं झाकण उघडलं.

"बरं वाटायला नाहीच ते. मान वर कर."

त्यानं मान वर केली.