मोजूबाईने निवडलेला सर्व्हर

माझी नणंद मोजते. काय मोजते ते विचारू नका, काय मोजत नाही ते विचारा. साधं पायपुसणं आणायचं तरी ही टेप घेऊन दारात बसणार. घरात कुणाला ताप आला म्हटलं की हिचा पहिला प्रश्न, "किती?" आमच्या रक्तपेढीतले सगळे कॉम्प्युटर ती सांभाळते. तिथे तिला तोंडावर मॅडम म्हणतात आणि पाठीमागे मोजूबाई. घरात आम्ही तोंडावरच मोजू म्हणतो. माझं लग्न झालं तेव्हा ती चौथीत होती, रोज सकाळी तिच्या वेण्या मी घातल्यात. तेवढा हक्क आहे मला.

मीही त्याच रक्तपेढीत, खिडकीजवळच्या टेबलावर, बावीस वर्षं. पिशवी आली की तिचा नंबर, रक्तगट आणि चाचणीचा निकाल मशीनमध्ये भरायचा. हिरव्या अक्षरांत 'नोंद झाली' असं आलं की पुढची पिशवी घ्यायची. पूर्वी हे सगळं कागदावरही लिहायचो. दोन वर्षांपूर्वी ते बंद केलं, प्रगती म्हणून!

एका दुपारी वीज गेली. आधाराला ठेवलेली बॅटरी नेमकी दुरुस्तीला गेली होती, त्यामुळे सर्व्हर धाडकन बंद पडला. अर्ध्या तासाने सगळं सुरू झालं आणि बघते तर मी भरलेल्या शेवटच्या चौदा नोंदी गायब. नोंद नाही तर पिशवी कुणाला देता येत नाही. पुन्हा चाचण्या केल्या, पण तोवर प्लेटलेटच्या चार पिशव्यांची मुदत संपली. माणसांनी तासन्‌तास सुई टोचून घेऊन दिलेलं ते, आणि आम्ही ते फेकून दिलं. 

दुसऱ्या दिवशी पेढीचे प्रमुख, आम्ही त्यांना मोठे डॉक्टर म्हणतो, सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, तुम्ही नोंदी केल्याच नाहीत. गप्पांच्या नादात राहून गेलं असेल."

"डॉक्टर, 'नोंद झाली' असं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. चौदाही वेळा."

"म्हणजे मशीन खोटं बोलतंय?"

मी मोजूकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. म्हटलं, आता ही बोलेल. घरची मुलगी आहे, मला ओळखते. तर ती चष्मा पुसत म्हणाली, "मला अजून माहीत नाही."

अजून माहीत नाही! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातात मेमो पडला. महिनाअखेरीला निर्णय, नोंदीचं काम माझ्याकडून काढून घ्यायचं की नाही. बावीस वर्षांत एक अक्षर चुकलं नव्हतं माझं, आणि आता जेवणाच्या सुट्टीत मी आले की बायका गप्प व्हायच्या. घरी मी मोजूशी अबोला धरला. चहा करायचे, पण तिच्या कपात मुद्दाम साखर घालायची नाही. ती तो निमूट प्यायची. तिचं लक्ष तरी होतं की नाही देव जाणे, त्यानं मी आणखीच चिडायचे.

त्याच महिन्यात नवीन सर्व्हर घ्यायचा होता. जुना फारच रेंगाळायचा, एखादा दुर्मीळ गट शोधायला सांगितलं की आपण जांभया देत बसायचं. पुरवठादाराकडून एक सूटवाला आला. त्याचं यंत्र चांगलं कपाटाएवढं. चौसष्ट कोअरचा, म्हणजे चौसष्ट कामं एकदम करणारा प्रोसेसर, पुढे निळे दिवे, आणि बोलणं तर असं की ऐकणाऱ्याला वाटावं, रक्तसुद्धा हेच यंत्र बनवून देईल. मोठे डॉक्टर खूश झाले.

मोजू म्हणाली, "थांबा जरा. आपलं जुनं मशीन नेमकं कशात अडकतंय, ते मी मोजतेय."

तीन आठवडे मोजत होती बया. सकाळी, दुपारी, गर्दीच्या वेळी, वहीत आकडेच आकडे. मग तिनं सांगितलं, "प्रोसेसर शंभरातला नव्वद वेळ रिकामा बसलाय. तो डिस्ककडून माहिती यायची वाट बघतोय. तुम्ही त्याच्या जागी चौसष्ट आणले तर चौसष्ट जण बसून वाट बघतील."

मला हसू आलं होतं, पण अबोला होता, म्हणून गिळलं.

तिला हवं होतं ते यंत्र दिसायला अगदीच चिल्लर. दुसऱ्या एका दुकानातून तिनं ते आठवडाभर वापरून बघायला आणलं. कोअर फक्त आठ, पण प्रत्येक वेगवान. रॅम मात्र भरपूर, आपलं सगळं रजिस्टर तिच्यात मावेल इतकी, म्हणजे शोधताना डिस्ककडे जायलाच नको. आणि दोन डिस्क, दोन्हींवर तेच लिहिलं जाणार, एक गेली तर दुसरी आहे. डिस्क दाखवताना ती आतल्या बारक्या डब्यांवर बोट ठेवून म्हणाली, "खरी गोष्ट ही आहे."

सूटवाला हसला. "मॅडम, डिस्क ती डिस्क. आमची तर वेगात दुप्पट आहे."

"वेगात आहे," मोजू म्हणाली. "खरी आहे का, ते बघू."

मग तिनं सगळ्यांना सर्व्हरच्या खोलीत बोलावलं. मलाही. दोन्ही यंत्रं शेजारी शेजारी आणि मध्ये एक लॅपटॉप. तिनं समजावलं ते असं. सर्व्हर एकेक आकडा डिस्कवर लिहीत जाणार, एक, दोन, तीन. 'लिहिलं' असं त्यानं सांगितलं की लॅपटॉप तो आकडा टिपून घेणार. मध्येच सर्व्हरचा प्लग उपटायचा. पुन्हा सुरू करून बघायचं, लिहिलं म्हणाला ते सगळं आहे का.

"प्लग तुम्ही ओढा डॉक्टर," ती म्हणाली. "मी ओढला तर लोक म्हणतील, वहिनीसाठी काहीतरी केलं."

तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, की हे सगळं माझ्यासाठी चाललंय.

डॉक्टरांनी सूटवाल्याच्या यंत्राचा प्लग ओढला. निळे दिवे विझले. पुन्हा सुरू केलं. लॅपटॉप सांगत होता आठ हजार चारशे बारा. यंत्रात होते आठ हजार तीनशे एकाहत्तर. एक्केचाळीस आकडे 'लिहिलं' म्हणून सांगितलेले, आणि पत्ता नाही.

"योगायोग," सूटवाला म्हणाला.

पुन्हा ओढला. एकोणतीस गायब. तिसऱ्यांदा छप्पन्न. सूटवाल्यानं टाय सैल केला.

मोजू शांतपणे म्हणाली, "ही डिस्क घरच्या कॉम्प्युटरसाठी ठीक आहे. ती माहिती आधी हातात धरते आणि लगेच 'झालं' म्हणून मोकळी होते. खरं लिहिते नंतर. मध्ये वीज गेली की हातातलं गेलं. या दुसऱ्या डिस्कमध्ये ते बारके डबे आहेत ना, त्यांत थोडी वीज साठवलेली असते. हातातलं लिहून होईल एवढी."

मग आमचं चिल्लर यंत्र. डॉक्टरांनी प्लग ओढला. एकही आकडा गेला नाही. पुन्हा ओढला, नाही. पाच वेळा ओढला. सहाव्यांदा तर मोजू काहीतरी सांगत असताना तिला न कळवता गुपचूप ओढला, लहान मुलासारखा! एक आकडा हलेल तर शपथ.

डॉक्टरांनी प्लग हातात धरूनच हळूच विचारलं, "आपल्या जुन्या सर्व्हरमध्ये कुठली डिस्क आहे?"

"सूटवाल्यांच्या यंत्रात आहे तीच. मागच्या वर्षी त्यांनीच बदलून दिली. त्याच खेपेतली एक कपाटात पडून आहे."

"लावा."

चिल्लर यंत्रात ती लावली. प्लग ओढला. सतरा गायब.

डॉक्टर माझ्याकडे वळले. त्या माणसानं कुणाची माफी मागितलेली मी बावीस वर्षांत पाहिली नव्हती.

"बाई, तुम्ही नोंदी केल्या होत्या," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "चौदाही. माझं चुकलं."

इतके दिवस मी चांगली झणझणीत उत्तरं तयार करून ठेवली होती. आरशासमोर म्हणून पाहिली होती. त्यातलं एकही आठवेना. मी सरळ भोकाड पसरलं, पन्नाशीची बाई! कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळेच वाजवायला लागले. सूटवाला केबल गुंडाळत होता. डॉक्टरांनी तिथेच उभ्या उभ्या माझ्या मेमोवर 'रद्द' लिहून सही केली आणि चिल्लर यंत्राची ऑर्डरही दिली.

आता दुर्मीळ गट शोधायला सांगितला की जांभई अर्धी होईपर्यंत नाव समोर येतं.

त्या संध्याकाळी आम्ही दोघी चालतच घरी निघालो. मी विचारलं, "मोजू, खरं सांग हं. तुला कधी वाटलं का गं, की मी नोंदी केल्याच नसतील?"

कुणीही 'छे गं वहिनी' म्हटलं असतं. ती चालता चालता विचार करत राहिली.

"वाटलं होतं," ती म्हणाली. "पहिले चार दिवस."

मी थांबले. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण मग लक्षात आलं. हिनं पहिल्याच दिवशी 'आमची वहिनी असं करणार नाही' म्हटलं असतं, तर मला किती बरं वाटलं असतं. आणि डॉक्टर हसले असते, घरची आहे म्हणून बोलतेय म्हणाले असते, आणि नोंदीचं काम आज माझ्याकडे नसतं. तिनं शंका घेतली, म्हणून माझ्या बावीस वर्षांच्या नोंदींवर बोट ठेवायची आता कुणाची बिशाद नाही. मी तिचा हात धरला, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायचे तसा घट्ट, आणि घरापर्यंत सोडला नाही.