चालत गेलेला पेशंट

अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात दारू सोडतानाच्या त्रासावर उपचार होतात. थरथर आणि भास थांबले की पेशंट पुढचे काही महिने आमच्या संस्थेच्या व्यसनमुक्ती केंद्रात राहतो. त्याला वॉर्डातून केंद्रात आणणं हे माझं काम. रिक्षानं थोडंसंच अंतर आहे, पण तेवढ्यातही बरेच जण उतरून निघून जातात.

सिरसाळ्याचा एक ट्रॅक्टर ड्रायव्हर असाच दोनदा गेला होता. बायकोनं त्याला पुन्हा भरती केलं, तेव्हा मला वॉर्डात जायचाही कंटाळा आला होता. डॉक्टर म्हणाले, "परत तेच," आणि सलाईन लावायला सांगितलं.

सुट्टी झाली त्या दुपारी मी त्याच्या बायकोला विचारलं, "ताई, या वेळी तरी राहतील का?"

"मला न्हाई ठाव, दादा. मी लई थकले. पन घरी नेऊन तरी काय करू?"

चौकात त्यानं रिक्षा थांबवायला लावली. मी अडवलं नाही, तेवढं त्राणच नव्हतं. तो उतरला आणि म्हणाला, "रिक्षात बसलं की उतरून पळावंच वाटतंय. मी चालत येतो."

मी आणि त्याची बायकोही उतरून उन्हातून त्याच्या मागं चालत राहिलो. तो केंद्रात शिरला तेव्हा त्याची बायको फाटकाशीच खाली बसली.

तो पूर्ण मुदत राहिला. मी डॉक्टरांना फोनवर सांगितलं.

"बरं झालं," ते म्हणाले. "आज आणखी दोघं आहेत. कधी येताय?"