बर्फाच्या मुलखाची गाडी

बॉनेट उघडलं आणि वाफेचा असा लोट आला की आमचे फोरमन ग्रेवाल साहेब टुणकन मागे उडाले. गाडीसोबत आलेला माणूस मात्र जागचा हलला नाही. बुटका, चष्मेवाला जपानी, कपडे लाल धुळीने भरलेले. औषधांची पिशवी त्याने छातीशी धरली होती.

त्याचं नाव तानाका. बस्तरमधल्या बैलाडिल्याच्या डोंगरात लोखंडाच्या दगडाची पाहणी करायला दोन जपानी आले होते, त्यातला हा एक. दुसरा तापाने फणफणून तंबूत पडला होता आणि त्याची भाषा समजणारं आता तिथे कोणीच नव्हतं. आमच्या भिलाई प्लांटच्या हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी औषध देऊन सांगितलं होतं, पेशंटला इकडेच घेऊन या. पण आणणार कशात? गाडी येतानाच रस्ताभर उकळत आली होती, आणि जाताना तर बस्तरच्या वाटेवरचा केशकालचा घाट चढायचा होता.

"साहब, अपनी एक जीप दे दें?" मी विचारलं.

"प्लांट की गाड़ी बस्तर जाएगी? ऊपर जवाब कौन देगा, तू? इसी को ठीक कर, मेश्राम."

मी तेव्हा ट्रान्सपोर्ट गॅरेजमध्ये मेकॅनिक होतो. पोलादाचा तो प्लांट रशियाच्या मदतीने अजून उभा राहत होता. मी कामगारांच्या वस्तीत, कॅम्प-१ मध्ये एका खोलीत राहायचो, सोबत एक मल्याळी आणि एक बंगाली. क्वार्टर मिळालं नव्हतं म्हणून बायको तुमसरजवळ गावी होती. भिलाईत मराठी माणसं होती, पण माझी शिफ्ट कोणाशी जुळायची नाही. दिवसभर कामापुरती हिंदी, रशियन साहेबांसमोर हातवारे. संध्याकाळी खोलीत आम्ही तिघेही आपापल्या भाषेत गप्प बसायचो.

उकळणाऱ्या गाडीवर आमचा इलाज ठरलेला होता: थर्मोस्टॅट काढून टाका. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन आणि रेडिएटर यांच्यामधलं छोटं झाकण. इंजिन थंड असताना ते पाण्याला रेडिएटरकडे जाऊ देत नाही, म्हणजे इंजिन लवकर तापतं. भिलाईच्या मे महिन्यात इंजिन तापायला कोणाची मदत लागते? आमच्या सगळ्या जीपचे थर्मोस्टॅट भिंतीवरच्या खिळ्याला लटकत होते. ह्या गाडीचाही काढला आणि पॉवर हाऊसकडे चक्कर मारायला निघालो.

गाडी आधीपेक्षा लवकर उकळली.

तानाका रस्त्याकडेला बसला. "माय फ्रेंड," एवढंच म्हणाला. मला फार वाईट वाटलं. काहीतरी करायचं म्हणून मी रेडिएटरला खालून हात लावला, तर तो कोमट. इंजिन उकळतंय आणि रेडिएटर कोमट? म्हणजे गरम पाणी तिथवर पोचतच नव्हतं.

गाडी ढकलत गॅरेजला आणली आणि मग पहिल्यांदा नीट पाहिली. पायाशी हीटर. बॅटरी आमच्या जीपपेक्षा कितीतरी मोठी. रेडिएटर लहान, आणि त्याच्या पुढ्यात गुंडाळी करून बांधलेला कॅनव्हासचा पडदा.

"धिस कार, व्हिच प्लेस?" मी माझ्या इंग्रजीत विचारलं.

तानाकाने खडूने फरशीवर जपान काढला. बोट अगदी वरच्या टोकाला ठेवलं, मग हात गाडीच्या टपाच्याही वर नेला. "स्नो." मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवून म्हणाला, "मी ऑल्सो."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कंपनी एकाच नावाची गाडी मुलखाप्रमाणे वेगवेगळी बनवते. कुठे स्टिअरिंग उजवीकडे, कुठे डावीकडे. उष्ण देशांसाठी मोठा रेडिएटर आणि जास्त पात्यांचा फॅन. बर्फासाठी हीटर, दांडगी बॅटरी आणि वाऱ्याला अडवणारा पडदा. बाहेरून चेहरा एकच, पोट निराळं. तानाकाच्या ऑफिसने घाईत हाताला लागली ती गाडी जहाजावर चढवली होती.

मी काढलेला थर्मोस्टॅट चहाच्या भांड्यात टाकला आणि स्टोव्ह पेटवला. पाणी तापलं तसं वरचं झाकण उघडलं, आणि त्याच वेळी खालची चकती सरकत खाली गेली. आमच्या जीपमध्ये ही चकती नव्हती. ह्या गाडीच्या इंजिनात तिच्या खाली एक भोक होतं. इंजिन तापलं की चकतीने ते बंद करायचं, नाहीतर गरम पाणी तिथूनच इंजिनात परत फिरतं. मी थर्मोस्टॅट काढला तशी चकतीही गेली, आणि पाणी सरळ त्या जवळच्या वाटेने जात होतं.

ते भोक बुजवायला मशीन शॉपमध्ये पितळेचं बूच करायला टाकलं आणि आम्ही दोघं चहा घेत बसलो. तो त्याच्या भाषेत काहीतरी सांगू लागला. मी मराठीत हो हो करत माझ्या बायकोबद्दल सांगत होतो. कळत कोणालाच नव्हतं. पण कितीतरी दिवसांनी माझ्याकडे बघत कोणी ऐकत होतं.

बूच बसवलं, पडदा काढून फेकला, आणि मोडीतल्या जीपचा सहा पात्यांचा फॅन चढवला.

"स्टोर से पूछा?" ग्रेवाल साहेबांनी विचारलं.

"नहीं, साहब."

"तो मैंने देखा भी नहीं," म्हणत ते निघून गेले.

ह्या वेळी गाडी दुर्गला जाऊन आली तरी उकळली नाही. तानाका निघाला. मला आनंद झाला, आणि गॅरेज एकदम ओसाडही वाटलं.

काही दिवसांनी तानाकाचा जोडीदार आमच्या हॉस्पिटलमध्ये दाखल झाल्याचं कळलं. शिफ्ट सुटल्यावर आंबे घेऊन गेलो. वॉर्डच्या दारातच थबकलो. आजारी माणूस उशीला टेकून बसला होता आणि दोघंही एकाच वेळी बोलत होते, हसत होते. माझ्याशी एकेक शब्द शोधून बोलणारा तानाका तिथे बोलायचा थांबतच नव्हता. मला पाहून तो उठला, वाकला. "थँक यू." आंबे ठेवून मी परतलो. मला त्या दोघांचा हेवा वाटला.

गाडी कोणत्या मुलखासाठी बनली ते आधी विचारावं आणि मगच पाना हातात घ्यावा, हा धंद्यातला धडा. माणसाला परमुलखात चालतं ठेवणारं बूच मात्र मशीन शॉपमध्ये मिळत नाही. दुसऱ्या दिवशी मी रजेचा अर्ज दिला.

"छुट्टी किसलिए?"

"घर पे बोलना है, साहब."

"क्या बोलना है?"

मी अर्जच पुढे सरकवला. त्यांनी सही केली.

बायको अंगणात तांदूळ निवडत होती. मला पाहून दचकलीच. "कावून आले जी मधातच? तब्येत बरी हाय ना?"

"बरी हाय. बोलाले आलो."

"मंग बोला ना."

मी तिला अथपासून इतिपर्यंत सगळं सांगितलं. वाफ, झाकण, चकती, बूच. ती तांदूळ निवडत ऐकत होती. मी थांबलो तेव्हा तिने सूप बाजूला ठेवलं.

"गाडीचं समजलं जी," ती म्हणाली. "आता तुमचं सांगा."

त्याचसाठी रजा काढून आलो होतो, आणि मला पहिलं वाक्यच सापडेना.