भरल्या गाडीची पहिली फेरी

शुक्रवार, १३ मार्च २००९. पहाटेपासून धुळीचं वारं. बाल्कनी दोनदा पुसली. सृष्टीचा फिजिक्सचा अभ्यास चालू. दौलतभाऊ साडेदहाला आले, सुरमई आणली. ब्रेकचे कागद वाचून दाखवले. मुद्दा चौथा: मागचे पाटे वाढवले असतील तर व्हॉल्व्हची सळी नव्याने लावावी, तोवर माल भरू नये. जेवताना त्यांनी हे ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, बघू. जेवायला चौघे.

प्रमिलाच्या वहीत रोज एवढंच असे. पुण्याच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरनी लावलेली सवय; अबू धाबीत येऊन एकोणीस वर्षं झाली तरी एक दिवस कोरा गेला नव्हता.

दौलत खांबे दापोलीकडचा. मुसफ्फा या कारखान्यांच्या भागातल्या ज्या कंपनीत प्रमिलाचे यजमान हेमचंद्र गाड्यांचा सगळा कारभार पाहत, तिथेच तो मेकॅनिक होता. ब्रेकचं काम तो हमदुल्ला नावाच्या पठाणाकडे शिकला आणि त्या उस्तादाचा एक नियम त्याने बावीस वर्षं पाळला: ब्रेक ज्याने उघडले, पहिली फेरी त्याने मारायची, आणि तीही भरल्या गाडीची. त्यानंतरच किल्ली ड्रायव्हरच्या हातात. "काम चुकलं तर आपणच मरायचं, दुसऱ्याला कशाला?" असं तो अगदी हवापाण्याच्या सुरात सांगे.

त्याला इंग्रजी वाचता येत नसे. म्हणून दर शुक्रवारी मासे घेऊन येई आणि आठवड्याचे कागद प्रमिलाकडून वाचून घेई. ती मराठीत सांगे, तो डोळे मिटून ऐके, आणि शेवटी विचारी, "वहीत घातलंत ना वहिनी?"

त्या वर्षी मंदीने कंपनीच्या दोन लॉऱ्या विकल्या गेल्या, आठ माणसं घरी गेली, आणि लॉरीचं काम एका जुन्या पिकअपच्या बोकांडी बसलं. दौलतने तिच्या पुढच्या चाकांचे ड्रम काढून डिस्क बसवल्या. जास्त माल पेलावा म्हणून हेमचंद्रांनी मागच्या स्प्रिंगला तीन पाटे वाढवून घेतले.

"साहेब, पाट्यांनी गाडी ढुंगण वर करून उभी राह्यलीय," दौलत त्या शुक्रवारी जेवताना म्हणाला आणि जीभ चावली. "माफ करा वहिनी." प्रमिलाची मुलगी सृष्टी खुदकन हसली. "तिचं मागलं अंग किती दबलंय त्यावर तो व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकाला जोर देतो. आता ते दबतच नाही. माल भरला तरी त्याला वाटणार गाडी रिकामी. मग मागचे ब्रेक धरणार कसे?"

"किती वेळ लागेल?"

"पट्टी बनवून सळी खाली घ्यायची. दोन दिवस. मग माझी फेरी."

"तुझी फेरी! आरटीओ आहेस काय रे?" हेमचंद्र हसले. "सोमवारी रुवैसला पाइप पोचले नाहीत तर ते कामही जाईल. बघू."

रविवारी त्यांनी दौलतपुढे एक इंग्रजी फॉर्म ठेवला. "डिस्क बसवल्याची सही, बाकी काही नाही." वहिनींचे मिस्टर सांगतायत म्हटल्यावर दौलतने सही केली. सोमवारी पट्टी बनवून घ्यायला त्याला फॅब्रिकेशनच्या दुकानात पाठवलं. तो पट्टी घेऊन परतला तेव्हा गाडी जागेवर नव्हती.

रुवैसच्या अलीकडच्या गोल चौकात पाइपांनी भरलेली ती थांबलीच नाही. ड्रायव्हर हनीफ वाचला. डावा पाय मांडीपासून गेला.

फॉर्मवर लिहिलं होतं की ब्रेकचं काम पूर्ण असून भरल्या गाडीची चाचणी झाली आहे. खाली दौलतची सही. मुदीर, म्हणजे कंपनीचा मॅनेजर, म्हणाला, "तू सांगितलं होतंस, याचा कागद दाखव. नाहीतर खलास."

सत्तावीस तारखेला, शुक्रवारीच, दौलत आला. हातात नेहमीची माशांची पिशवी. चपला काढल्या, पण आत आला नाही.

"वहिनी, हनीफला बघून आलो. त्याला वाटतंय मी फेरी मारली होती. म्हणतो, दौलतभाई, तुझ्या भरवशावर पाय दाबला." त्याने पिशवी उंबऱ्यापाशी टेकवली. "नोकरीचं जाऊ द्या. त्याला कळलं पाहिजे. तुमच्या वहीचं तेवढं एक पान द्या."

"बघते," प्रमिला म्हणाली आणि आत गेली.

हेमचंद्र बेडरूमच्या दारातच उभे होते. "ते पान बाहेर गेलं की मी गेलो," ते हळू आवाजात म्हणाले. "महिन्याभरात व्हिसा रद्द. सृष्टीची बारावी अर्ध्यात. पुण्याचा फ्लॅट भाड्याने दिलाय, उतरणार कुठे?"

"तुम्हाला त्यांनी सांगितलं होतं."

"हो, सांगितलं होतं. मग?"

सृष्टी पुस्तकातून मान वर करून म्हणाली, "ममा, जस्ट गिव्ह हिम द पेज."

"यू स्टडी," हेमचंद्र म्हणाले.

वही कपाटात साड्यांच्या डावीकडे होती. एकोणीस वर्षांच्या एकोणीस वह्या, कण्यावर साल लिहिलेल्या. प्रमिलाने २००९ची काढली, पान उघडलं. अक्षर स्वच्छ होतं. मुद्दा चौथा. हे म्हणाले, बघू. तिने वही मिटली, पुन्हा जागच्या जागी ठेवली आणि ओळीत नीट बसली ना, हेही बघितलं.

दारात येऊन ती म्हणाली, "सापडत नाही हो, दौलतभाऊ."

दौलत तिच्याकडे बघत राहिला. गेली नऊ वर्षं तो या दारात येत होता. सिंकची जाळी कोणत्या महिन्यात बदलली, हेसुद्धा या बाईने त्याला तारखेसकट सांगितलं होतं.

"तुम्हाला सापडत नाही?"

"नाही."

"बरं," तो म्हणाला. वाकून त्याने चपला घातल्या. एका चपलेचा अंगठा निसटला, तो पुन्हा बसवला. लिफ्ट वरच्या मजल्यावर अडकली होती. तिची वाट न बघता तो जिन्याने उतरला. पुढच्या मंगळवारी त्याला विमानात बसवलं. हनीफला खरं कोणी सांगितलं नाही. हेमचंद्र त्या खुर्चीवर आणखी सात वर्षं होते.

दार लावताना प्रमिलाला दिसलं, पिशवी उंबऱ्यापाशीच राहिली होती. ती परत करायला जिन्यात धावावं, असं तिच्या मनात आलं आणि गेलं. उन्हाळा सुरू झाला होता, मासे टिकले नसते.

संध्याकाळी तिने वही काढली, तारीख घातली आणि लिहिलं: बांगडे सहा. चार तळले, दोन फ्रीजरमध्ये.