यंत्रामागचे कोच

शाळेत बोलिंगचा, म्हणजे जड चेंडू घरंगळत सोडून उभ्या पिना पाडायच्या खेळाचा, संघ व्हावा म्हणून लायलनं वर्षानुवर्षं शाळेचे उंबरे झिजवले. मिशिगनमधल्या त्या छोट्या गावात बोलिंगघर होतं ते त्याचंच, आणि तिथं येणाऱ्या पोरांना तोच खेळ शिकवायचा. अखेर संघाला मंजुरी मिळाली, पण तोवर तो वारला होता. मग त्याची बायको व्हर्ना मुलींची कोच झाली.

पहिल्याच सरावात संघातली ट्रिना म्हणाली, "कोच, पिना लावणाऱ्या यंत्रामागचे आजोबा सांगतायत, मनगट वाकवू नकोस, पोरी."

व्हर्ना यंत्रामागच्या खोलीकडे गेली. दाराला कुलूप होतं. तिनं ते उघडलं. आत कुणीच नव्हतं.

"लायल," ती कुजबुजली, "घाबरवू नकोस रे पोरींना."

पुढे संघ वाढत गेला. दर हिवाळ्यात एखादी नवी मुलगी विचारतेच, "मागे कोण असतं?"

"आपले जुने कोच," व्हर्ना म्हणते. "ते सांगतील तसं कर."